जुन्या पीसीवर व्हर्च्युअल मशीन: रॅमच्या हिशोबापासून पहिल्या डेबियनपर्यंत

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ साठी अपात्र ठरलेले असंख्य पीसी घराघरांत कोपऱ्यात गेले. त्यातले बरेचसे २०११ ते २०१५ च्या दरम्यानचे: दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. विकायला गेलं तर हातात फारसं काही पडत नाही. पण लिनक्स शिकायचं असेल, सर्व्हर चालवून बघायचा असेल, किंवा एखादं जुनं सॉफ्टवेअर जिवंत ठेवायचं असेल, तर हा पीसी अजून उत्तम कामाचा आहे. त्यावर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवता येतात.

व्हीएम म्हणजे तुमच्या चालू ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत, एका खिडकीत चालणारा दुसरा संपूर्ण संगणक. त्याची डिस्क ही तुमच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते. त्याची रॅम मात्र खरीखुरी असते आणि ती तुमच्याच रॅममधून कापली जाते. खऱ्या मशीनला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट. गेस्टमध्ये काहीही बिघडवा, फॉरमॅट मारा, व्हायरस घ्या. फाइल डिलीट केली की विषय संपला. शिकणाऱ्याला याहून चांगली जागा नाही.

नवखे लोक पहिला प्रश्न प्रोसेसरबद्दल विचारतात: "माझा आय-थ्री चालेल का?" बहुतेक वेळा चालतो. अडतं ते रॅमशी, आणि त्याहून जास्त डिस्कशी. म्हणून हा लेख प्रोसेसरवर कमी आणि त्या दोघांवर जास्त बोलेल.

पायरी १: मशीन तपासा

विंडोज १० मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूवर क्लिक केलं की खाली "व्हर्च्युअलायझेशन" अशी ओळ दिसते. तिथे "एनेबल्ड" असेल तर पुढची पायरी सोडून द्या. "डिसेबल्ड" असेल तर पायरी २ करा. त्याच टॅबमध्ये मेमरीवर क्लिक केल्यावर एकूण रॅम किती, आणि किती स्लॉटपैकी किती भरलेत, तेही कळतं. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा.

प्रोसेसरमधल्या ज्या सुविधेवर हे सगळं चालतं ती इंटेलने २००५ च्या शेवटी आणली, तिचं नाव व्हीटी-एक्स. एएमडीची एएमडी-व्ही २००६ मध्ये आली. मधल्या काळात इंटेलने स्वस्त मॉडेलमधून ती काढून टाकली होती, त्यामुळे कोअर टू डुओच्या जमान्यात मोठा गोंधळ आहे: ई८४०० मध्ये ती आहे, ई७२०० मध्ये नाही. ॲटम एन२७० किंवा एन४५० असलेल्या छोट्या नेटबुकमध्ये तर नाहीच. पहिल्या पिढीच्या आय-थ्रीपासून पुढे मात्र निश्चिंत राहा, कोअर मालिकेतल्या सगळ्या डेस्कटॉप आय-थ्री आणि आय-फाइव्हमध्ये ती सापडते.

ती नसेल तर? व्हीएम चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरच्या ६.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ च्या डिसेंबरपासून, या सुविधेशिवाय काही चालतच नाही. जुनी आवृत्ती शोधून अडून बसण्यात अर्थ नाही. त्या मशीनवर थेट हलकं लिनक्स टाका आणि वापरा.

पायरी २: बायॉसमधलं बटण

पीसी चालू होताना डेलमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१०, असेंबल केलेल्या पीसीत बहुधा डिलीट दाबल्यावर बायॉस, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगचा पडदा, उघडतो. इंटेलमध्ये "इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी" किंवा नुसतं "व्हीटी-एक्स" असा पर्याय शोधा, एएमडीमध्ये त्याला "एसव्हीएम मोड" म्हणतात. कुठल्या मेनूत असेल याचा नेम नाही: कुठे ॲडव्हान्स्डमध्ये, कुठे सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये, कुठे चक्क सिक्युरिटीत. "व्हीटी-डी" हा वेगळा पर्याय आहे, तो नसला तरी काही बिघडत नाही.

बदल सेव्ह केल्यावर पीसी पूर्ण बंद करा, मागचं बटण किंवा भिंतीवरचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग चालू करा. काही जुन्या बोर्डांवर नुसत्या रीस्टार्टने हा बदल लागू होत नाही, आणि लोक उगाच "माझ्याकडे चालतच नाही" म्हणून नाद सोडतात.

बायॉसमध्ये शिरलाच आहात तर तारीख बघा. दर वेळी ती मागे गेलेली दिसली तर बोर्डवरचा गोल सेल संपलाय. तो बदला, नाहीतर आत्ता केलेली सेटिंगही एक दिवस पुसली जाईल.

पायरी ३: रॅम आणि डिस्क

हिशोब सोपा आहे. विंडोज १० आणि ब्राउझरचे चार-पाच टॅब मिळून साडेतीन-चार जीबी सहज खातात. ४ जीबीच्या पीसीवर म्हणजे व्हीएमसाठी काहीच उरत नाही. ८ जीबीवर थोडी हातची राखून दोन-अडीच जीबी व्हीएमला देता येते, त्यात एक डेस्कटॉपवाली व्हीएम किंवा दोन-तीन बिनडेस्कटॉपच्या मावतात. १६ जीबी असेल तर शिकण्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं होतं.

गेस्टला रॅम देताना निम्म्याच्या वर जाऊ नका. होस्टची रॅम संपली की तो डिस्कवर स्वॅप करायला, म्हणजे रॅममधला मजकूर डिस्कवर ढकलायला लागतो, मग होस्टही रडतो आणि गेस्टही. व्हर्च्युअलबॉक्समधली सरकती पट्टी हिरव्यातून लाल होते ती याचसाठी. पण पट्टी एकूण रॅम बघते, त्या क्षणी मोकळी किती आहे ते नाही. त्यामुळे हिरव्यातही जरा अलीकडेच थांबलेलं बरं.

रॅम वाढवायची असेल तर आधी बोर्ड ओळखा, कारण इथे लोकांचे पैसे वाया जातात. जी३१ चिपसेटचा बोर्ड असेल तर डीडीआर२ आणि कमाल ४ जीबी. त्यावर खर्च करू नका. जी४१ चा डीडीआर३ बोर्ड ८ जीबीपर्यंत घेतो, पण नव्या पद्धतीच्या, एका बाजूला मोजक्या चिप असलेल्या ४ जीबीच्या पट्ट्या त्याला ओळखत नाहीत; दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिप असलेली पट्टी मागा आणि दुकानातच लावून बघा. एच६१ चा बोर्ड, जो भारतात घरोघरी होता, दोन स्लॉटमध्ये १६ जीबी घेतो. डेलचा ऑप्टिप्लेक्स ७०१० सारखा ऑफिसमधून निघालेला पीसी हाताशी असेल तर त्याच्या मोठ्या कॅबिनेटमध्ये चार स्लॉट असतात आणि ३२ जीबी मावते. लॅपटॉपमध्ये चौथ्या पिढीपासून १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, साधी १.५ व्होल्टची पट्टी खाचेत बसेल, पण लॅपटॉप चालू होईलच असं नाही.

पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला वापरलेल्या डीडीआर३ पट्ट्या मिळतात. जुनी पट्टी सोबत घेऊन जा आणि परत बदलून देण्याचं आधी ठरवून घ्या. घरी आल्यावर रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवा. खराब रॅम रोजच्या वापरात कधी कधी लपून राहते. व्हीएम तिला उघडी पाडते, कारण व्हीएम सुरू झाली की एरवी रिकामा राहणारा भागही वापरात येतो.

आता डिस्क. ७२०० आरपीएमची फिरती डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपास विखुरलेल्या वाचन-लेखनाच्या मागण्या पुऱ्या करू शकते. साधी साटा एसएसडी हजारोंनी करते. एका वेळी एकच सिस्टिम चालते तेव्हा फिरत्या डिस्कवर निभावून जातं; होस्ट आणि गेस्ट दोघांनी एकदम मागणी केली की तिचं डोकं इकडून तिकडे धावत राहतं आणि माउसही अडकतो. व्हीएम संथ चालतात अशी तक्रार करणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं एवढंच असतं, असा माझा अंदाज आहे. २५० जीबीच्या आसपासची एसएसडी घ्या. जुन्या बोर्डवर साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, वेग निम्मा असला तरी फरक पडत नाही, कारण इथे फायदा सलग वेगाचा नसून विखुरलेल्या मागण्यांचा आहे. लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, बसवता येते. जुनी हार्ड डिस्क कॅडीत, एसएसडी मूळ जागी.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर? ४ जीबी असेल तर आधी रॅम. ८ जीबी असेल तर आधी एसएसडी.

पायरी ४: कोणतं सॉफ्टवेअर

विंडोज होस्टवर सुरुवात व्हर्च्युअलबॉक्सने करा. जर्मनीतल्या इनोटेकने २००७ मध्ये ते मोकळं केलं, पुढे ते सनकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेलं. मूळ पॅकेज मुक्तस्रोत आहे. सोबतचा एक्स्टेन्शन पॅक घरगुती आणि शैक्षणिक वापरालाच फुकट आहे, आणि नवख्याला त्याची गरजही नाही; ७.० पासून यूएसबी २ आणि ३ मूळ पॅकेजमध्येच आलंय.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना मोफत झालं. ग्राफिक्समध्ये ते सरस वाटतं. पण डाउनलोडसाठी मालक कंपनी ब्रॉडकॉमच्या साइटवर खातं काढावं लागतं, आणि २०११ च्या आधीच्या प्रोसेसरवर ते चालत नाही. हायपर-व्ही हे मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं व्हीएम चालवायचं साधन विंडोज १० प्रोमध्ये येतं, होममध्ये नाही. जुन्या मशीनवर मी ते सुचवणार नाही.

फक्त लिनक्सच्या कमांड शिकायच्या असतील तर प्रामाणिकपणे सांगायचं तर व्हीएमचीही गरज नाही, विंडोजच्या आतच लिनक्स चालवून देणारं डब्ल्यूएसएल पुरेसं आहे. व्हीएम हवी ती बूटपासून नेटवर्कपर्यंत पूर्ण मशीन समजून घ्यायला.

आणि होस्टच लिनक्स करायची तयारी असेल तर सर्वांत चांगलं. लिनक्स मिंटची एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती होस्ट म्हणून टाका. विंडोज १० खात होतं त्यापेक्षा दोन-एक जीबी रॅम मोकळी होते, तीही फुकट. वर सुरक्षा अपडेटही मिळत राहतात, जी विंडोज १० ला आता सहज मिळत नाहीत. लिनक्सवर व्हीएम चालवायला केव्हीएम आहे. ते फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या २.६.२० या कर्नलपासून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आतच असतं. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून केव्हीएम हाताळणारा "व्हर्ट-मॅनेजर" टाका, आपल्या युजरला लिबव्हर्ट गटात घाला, लॉगआउट करून परत या; खिडकीतून सगळं करता येतं. एक खबरदारी: केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स एकाच होस्टवर एकदम चालवू नका. कर्नल ६.१२ पासून केव्हीएम सुरुवातीलाच प्रोसेसरची ती सुविधा स्वतःकडे घेऊन बसतं आणि व्हर्च्युअलबॉक्स न समजणारी एरर देऊन थांबतं.

पुढच्या पायऱ्या व्हर्च्युअलबॉक्सच्या आहेत. व्हर्ट-मॅनेजरमध्ये शब्द वेगळे, क्रम तोच.

पायरी ५: पहिली व्हीएम

पहिलीच व्हीएम विंडोज ११ ची किंवा चकचकीत डेस्कटॉपवाल्या उबुंटूची करायचा मोह होतो. टाळा. थ्री-डी ग्राफिक्सशिवाय असे डेस्कटॉप प्रोसेसरच्या जिवावर चित्र काढतात आणि जुना आय-थ्री तिथेच दमतो. पहिली व्हीएम डेबियन १३ या लिनक्सची करा, डेस्कटॉपशिवाय. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. बसल्या जागी ती शंभर-दोनशे एमबी रॅम खाते, आणि सर्व्हर, डेटाबेस, वेबसाइट, नेटवर्किंग जे काही शिकायचं ते त्यात शिकता येतं. डेबियन जुन्या ६४-बिट प्रोसेसरवरही चालतं. सगळेच असे उदार नाहीत: रेड हॅटच्या लिनक्सच्या १० व्या आवृत्तीला आणि तिच्यावर बेतलेल्या रॉकी लिनक्स १० ला चौथ्या पिढीच्या आसपासच्या प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना (इन्स्ट्रक्शन्स) लागतात, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्हवर ती सुरूच होत नाहीत. अल्मालिनक्सने जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी प्रत काढली आहे. इंटरनेटवरचा एखादा कोर्स रॉकी १० वापरत असेल तर हे लक्षात ठेवा, दोष तुमच्या सेटिंगचा नाही.

डेबियनच्या साइटवरून "नेटइन्स्ट" नावाची ६४-बिट आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल, उतरवा. एक जीबीच्या आत आहे.

१. व्हर्च्युअलबॉक्समध्ये "न्यू" दाबा, नाव द्या, आयएसओ निवडा. इथे एक सापळा आहे. आयएसओ दिली की व्हर्च्युअलबॉक्स आपणहून इन्स्टॉल करून देण्याची तयारी दाखवतं, त्याला अनअटेंडेड इन्स्टॉलेशन म्हणतात. ते बंद करा. खुणेचे शब्द आवृत्तीनुसार बदलतात: "स्किप" लिहिलं असेल तर खूण करा, "प्रोसीड" लिहिलं असेल तर काढा. नाहीतर भलत्याच नावाचा युजर तयार होतो, त्याला ॲडमिनचे अधिकार नसतात, आणि शिकायची ती पायरीच हुकते.

२. रॅम १०२४ एमबी. इन्स्टॉलरला थोडी जास्त लागते. नंतर ५१२ वर आणता येईल.

३. प्रोसेसर १. चार कोअरच्या आय-फाइव्हवर २ चालतील. आय-थ्रीमध्ये खरे कोअर दोनच असतात, टास्क मॅनेजर चार दाखवतो ते थ्रेड आहेत. गेस्टला सगळे कोअर दिले तर वेग वाढत नाही, उलट होस्ट आणि गेस्ट एकमेकांच्या पायांत येतात.

४. डिस्क २० जीबी. "प्री-अलोकेट" वर खूण नको. मग फाइल सुरुवातीला लहान राहते आणि गरजेप्रमाणे वाढते. ही वाढ एकतर्फी असते. गेस्टमध्ये फाइली डिलीट केल्या तरी होस्टवरची फाइल आपोआप आकसत नाही. एसएसडी लहान असेल तर दर महिन्याला फोल्डरचा आकार बघत जा.

५. सेटिंग्जमध्ये स्टोरेजखाली आपली डिस्क निवडून "सॉलिड-स्टेट ड्राइव्ह" वर खूण करा, अर्थात होस्टची डिस्क एसएसडी असेल तरच. ऑडिओ बंद करा. सर्व्हरला आवाज कशाला?

आता स्टार्ट. डेबियनचा इन्स्टॉलर नीट मराठीतही चालतो, पण इंग्रजीतच करा. एरर आली तर शोधायला सोपं पडतं. रूटचा, म्हणजे मुख्य ॲडमिनचा, पासवर्ड विचारेल तिथे रिकामं सोडून पुढे जा, म्हणजे तुम्ही बनवलेल्या युजरला आपोआप सुडोचे, म्हणजे ॲडमिनच्या कमांड चालवायचे, अधिकार मिळतात. पार्टिशनच्या पडद्यावर "संपूर्ण डिस्क वापरा" असं येतं तेव्हा छातीत धस्स होतं. घाबरू नका, ती २० जीबीची फाइल आहे, तुमच्या फोटोंना हात लागत नाही. सॉफ्टवेअर निवडीच्या पडद्यावर डेस्कटॉप आणि नोम (हाही एक डेस्कटॉप) यांच्या खुणा स्पेसबारने काढा; "एसएसएच सर्व्हर" आणि "स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज" एवढंच ठेवा. शेवटी ग्रब, म्हणजे बूट करून देणारा प्रोग्रॅम, बसवायला "हो" म्हणा आणि डिव्हाइसच्या यादीतली एकमेव डिस्क निवडा.

माउस किंवा कीबोर्ड खिडकीत अडकला तर उजवीकडचं कंट्रोल बटण दाबा. तेच होस्ट-की आहे. काही लॅपटॉपना ते बटणच नसतं. मग प्रेफरन्सेसमध्ये जाऊन दुसरं नेमा, आधीच.

पायरी ६: बाहेरून आत शिरा

व्हीएमच्या छोट्या खिडकीत टाइप करत बसणं कंटाळवाणं आहे, कॉपी-पेस्टही होत नाही. त्यापेक्षा होस्टवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला कमांड देण्याच्या सोयीने, जोडा.

व्हर्च्युअलबॉक्स गेस्टला मुळात नॅट पद्धतीने जोडतं. गेस्टला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो, इंटरनेट चालतं, पण बाहेरून आत येता येत नाही. त्याला दार करून द्यायचं. सेटिंग्ज, नेटवर्क, पोर्ट फॉरवर्डिंग. नवीन ओळीत होस्ट आयपी १२७.०.०.१, होस्ट पोर्ट २२२२, गेस्ट पोर्ट २२ भरा, गेस्ट आयपी रिकामा सोडा. मग विंडोज १० च्या कमांड प्रॉम्प्टमध्येच एसएसएच असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. त्याला पोर्ट २२२२, आपलं युजरनेम आणि १२७.०.०.१ सांगितलं की आत. पुढच्या वेळी व्हीएम "हेडलेस स्टार्ट" ने सुरू करा. खिडकी उघडतच नाही, पडदा रंगवण्याचा भार वाचतो.

ब्रिज्ड पद्धतीत गेस्टला घरच्या राउटरकडून स्वतःचा पत्ता मिळतो आणि मोबाइलवरूनही तो दिसतो. घरातल्या सगळ्यांसाठी काही चालवायचं असेल तेव्हा ते वापरा. वायफायवर ब्रिज्ड रुसतं, कारण बरेच ॲक्सेस पॉइंट एका वायफाय कार्डामागे दोन मशीन चालवून घेत नाहीत. जमल्यास केबल लावा. दोन व्हीएम एकमेकींशी आणि होस्टशी बोलायला हव्यात, पण बाहेर कुणी नको, तर होस्ट-ओन्ली.

पायरी ७: स्नॅपशॉट, आणि त्याच्यावरचा फाजील विश्वास

सगळं नीट चालतंय असं दिसलं की व्हीएम बंद करून एक स्नॅपशॉट घ्या. उद्या काही बिघडलं की एका क्लिकवर मागे जाता येतं. प्रयोगाआधी स्नॅपशॉट, प्रयोग पटला की जुना स्नॅपशॉट डिलीट. दहा-दहा साठवू नका: प्रत्येक स्नॅपशॉटनंतरचे बदल वेगळ्या फाइलीत जातात, साखळी लांबत जाते आणि जागा भरते. होस्टची डिस्क गच्च भरली की व्हीएम अर्ध्या वाटेत गोठते.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली की दोन्ही जातात, आणि जुन्या मशीनची डिस्क जातेच. महत्त्वाची व्हीएम बंद करून "एक्स्पोर्ट अप्लायन्स" ने तिची ओव्हीए फाइल बनवा आणि ती बाहेरच्या डिस्कवर ठेवा. नवा पीसी घ्याल तेव्हा तीच इम्पोर्ट करता येते.

जुन्या सॉफ्टवेअरसाठी जुनं विंडोज

मराठी वाचकांपैकी अनेकांना व्हीएमची खरी गरज इथे पडते. दिवाळी अंकांची, पत्रिकांची, पुस्तकांची ढीगभर जुनी कामं पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पडून आहेत. त्यातला मजकूर युनिकोडच्या आधीच्या, श्रीलिपी किंवा जुन्या आयएसएम अशा टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये आहे. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची. विंडोज एक्सपीवर ते सगळं सुरळीत चालायचं, आणि ज्या पीसीवर चालायचं तो आता मरायला टेकलाय.

एक्सपीची व्हीएम जुन्या मशीनवर अगदी हलकी चालते, ५१२ एमबी रॅम आणि एक प्रोसेसर बास. लायसन्स आणि मूळ सीडी मात्र तुमची हवी. गेस्टचा प्रकार एक्सपी निवडल्यावर व्हर्च्युअलबॉक्स डिस्क आयडीई कंट्रोलरला लावतं. "सुधारणा" म्हणून ती साटावर नेऊ नका, एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नसतो आणि निळा पडदा येतो. डीटीपी पॅकेजला यूएसबी लॉक, म्हणजे डाँगल, असेल तर यूएसबी कंट्रोलर २.० निवडा, कारण एक्सपीला ३.० कळत नाही, आणि त्या डाँगलचा यूएसबी फिल्टर जोडा. मग ते गेस्टमध्ये आपोआप दिसायला लागतं. प्रिंटर पोर्टला लागणारं आणखी जुनं लॉक असेल तर फार आशा ठेवू नका, विक्रेत्याकडे यूएसबी लॉक बदलून मिळतं का विचारा.

जुना पीसी अजून चालू होत असेल तर त्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं डिस्कटूव्हीएचडी चालत्या विंडोजची व्हीएचडी फाइल करून देतं आणि ती व्हर्च्युअलबॉक्सला वाचता येते. ती पहिल्या फटक्यात बूट होईलच असं नाही, पण फॉन्ट आणि फाइली तरी सुरक्षित राहतात.

या व्हीएमचं नेटवर्क कार्ड सेटिंग्जमध्येच बंद करा. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर नियमित सुरक्षा अपडेट नाहीत. फाइली पेनड्राइव्हने न्या-आणा, तोही यूएसबी फिल्टरमधून देता येतो.

हळू चालतंय? या क्रमाने बघा

व्हीएमच्या खिडकीच्या तळाशी उजवीकडे बघा. तिथे हिरवं कासव दिसलं तर विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही मागे चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या माथ्यावरून काम करावं लागतंय. जुन्या प्रोसेसरवर हा फरक चांगलाच जाणवतो. विंडोज फीचर्सच्या यादीत हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज सँडबॉक्स बंद करून रीस्टार्ट करा. डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्ती वापरत असाल तर ती याने बंद पडेल, दोन्हींतलं एक निवडावं लागतं. तरीही कासव राहिलं तर कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी चालू असेल. ते सुरक्षेसाठी असतं, त्यामुळे बँकेची कामं करता त्या पीसीवर मी ते चालूच ठेवेन आणि संथपणा सोसेन.

नंतर टास्क मॅनेजर. डिस्क शंभर टक्के दिसत असेल तर उत्तर पायरी ३ मध्ये आहे. मेमरी नव्वदच्या वर असेल तर ब्राउझर बंद करा. अँटिव्हायरस व्हीएमच्या डिस्कची व्हीडीआय फाइल सतत चाळत असेल तर व्हीएमचा फोल्डर त्याच्या यादीतून वगळा.

डेस्कटॉपवाल्या गेस्टमध्ये माउस अडखळत असेल तर गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्टसाठीचे ड्रायव्हर) टाका, आणि डिस्प्लेत व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करा. डेस्कटॉप हवाच असेल तर एक्सएफसीई किंवा लुबुंटूमधला एलएक्सक्यूटी निवडा, गेस्टला २ जीबी द्या.

पंधरा मिनिटं नीट, मग एकदम मंद? ती उष्णता. दहा वर्षांची धूळ पंख्यात बसलेली असते आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते. ब्रशने पंखा साफ करा, पेस्ट नवी लावा. रोजच्या ब्राउझिंगमध्ये हे कळत नाही, व्हीएम मात्र प्रोसेसरला तासन्‌तास कामाला लावते.

आणि वीज. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, डेस्कटॉपला यूपीएस नसतो. लाइट गेली की होस्टबरोबर गेस्टचीही फाइल सिस्टिम अर्धवट लिहिलेली राहते. इन्व्हर्टरवर पीसी असेल तरी बदलाच्या क्षणी तो कधी कधी रीस्टार्ट होतो. पावसाळ्यात काम थांबवून चहाला उठताना खिडकी बंद करून "सेव्ह द मशीन स्टेट" निवडायची सवय लावा. रॅममधलं सगळं डिस्कवर उतरतं आणि परत आल्यावर कर्सर होता तिथेच सापडतो. एसएसडी असेल तर याला काही सेकंद लागतात, फिरत्या डिस्कवर मिनिटभर.